फडक्यावरचा पतंग

"हळदी. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. मुलांसाठी निर्धोक."

बागेतल्या खांबाच्या पडद्यावर अक्षरं उमटली आणि ऋजुताचे ओठ आवळले गेले. गेला आठवडाभर ती रोज सकाळी ओवीला कडेवर घेऊन या खांबाशी येत होती आणि खांब तिला रोज हेच सांगत होता. त्याच्या गुळगुळीत पांढऱ्या तक्त्यावर, रात्रीच्या दिव्याला आलेले पतंग अजून पेंगत बसले होते. पिवळसर, लुसलुशीत, पंख छपरासारखे मिटलेले. सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. सगळे निर्धोक.

मग ओवीच्या मानेवरचं हे पुरळ कशाचं? परवा झोपेत तिचा श्वास शीळ घातल्यासारखा का वाजत होता? मनगटावरची श्वासपट्टी थरथरली, ऋजुताच्या फोनवर लाल ठिपका आला आणि तेव्हापासून तिला धड झोप लागलेली नव्हती.

"आई, फुपाकू!" ओवीने तक्त्याकडे हात केला.

"हात नाही लावायचा!"

ती इतक्या जोरात ओरडली की पळायला आलेले दोघेजण थांबून बघायला लागले. ओवीचा ओठ थरथरला. ऋजुताने तिला छातीशी घेतलं आणि खांबाकडे पाठ फिरवली. पाठ फिरवली तरी तो आपल्याकडे बघतोय, असं तिला वाटत राहिलं.

घरबसल्या एका विमा कंपनीचे दावे तपासणं हे तिचं काम. कोण खरं आजारी आणि कोण कागदोपत्री, हे दिवसभर हुंगत बसायचं. त्या कामाने तिला एक शिकवलं होतं. खरा माणूस कुठेतरी अडखळतो, 'नक्की आठवत नाही' म्हणतो. ज्याचं सगळं फार चटकन आणि फार नीट जुळतं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावं. हा खांब एकदाही अडखळला नव्हता.

कृष्णेकाठच्या त्या शहरात प्रत्येक बागेतल्या जीवांची नोंद ठेवायचा नियम होऊन थोडीच वर्षं झाली होती. झाडं सोपी होती, पक्षीही जमले. चिंचबन उद्यानातल्या हौशी मंडळींची गाडी अडली ती पतंगांवर. त्यातही या दोघांवर. एक 'हळदी', गरीब बिचारा. दुसरा 'खाजरी'. खाजरीच्या अळीच्या अंगावर बारीक विषारी केस असतात. अळी कोषात जाते तसे तेही जातात आणि पतंग होऊन बाहेर पडताना त्याच्या शेपटाच्या झुपक्यात अडकून येतात. हवेत उडाले तर मोठ्या माणसाला खाज सुटते. लहान मुलाच्या छातीत गेले तर श्वास अडकतो. पतंग बसलेला असताना तो झुपका पंखाखाली झाकलेला असतो. वरून पाहिलं तर दोघे जुळे भाऊ.

म्हणून 'पारखी' आणलं. खांबातलं हे यंत्र. त्याला कुणी नियम शिकवत नाही. नावं लावलेली हजारो छायाचित्रं त्याच्यासमोर टाकायची आणि दोन ढिगांत फरक काय तो त्याचा त्यानेच शोधायचा. काय शोधलं, हे ते सांगत नाही. नाव सांगतं आणि टक्के सांगतं.

ती छायाचित्रं बागेतल्या मंडळींनीच काढली होती. त्यातली बरीचशी त्रिशलाकाकूंची.

त्रिशलाकाकू आवटी बागेच्या कुंपणालगतच्या बंगलीत, ऋजुताच्या गॅलरीच्या समोरच, एकट्या राहत. घरी दिवेलागणीच्या आत जेवण, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, पायाखाली मुंगी आली तर पाय अधांतरी. ओवी तिथे रोज दुपारी असे. तिला तुपातली लापशी भरवता भरवता काकू तिला मुंगीची, गोगलगाईची गोष्ट सांगत. ऋजुताची आई लांब, सासू त्याहून लांब. काकू होत्या म्हणून तिची नोकरी टिकली होती.

आणि त्याच काकूंचा आता तिला संशय येत होता.

"तुला झालंय काय?" तिचा नवरा हर्षद म्हणाला. तो दाढी करत होता आणि ती न्हाणीघराच्या दारात उभी होती. "डॉक्टर म्हणाले धूळ. खांब म्हणाला हळदी. तू आता पतंगांचे पण क्लेम रिजेक्ट करायला लागलीस."

"फवारा कधी येतो, माहितीये ना तुला?"

"खाजरी सापडला की."

"कोण सांगतं सापडला म्हणून? खांब. खांबाला कुणी शिकवलं? काकूंनी. आणि काकू काय म्हणाल्या होत्या, मी होते समोर. 'बरं झालं बाई, सगळे हळदीच निघाले. कुणाला मारायला नको.'"

हर्षदचा हात थांबला. "म्हणजे त्या मुद्दाम...? काकू? ज्यांनी आपल्या घरातली झुरळं सुपलीत भरून बाहेर सोडली?"

"म्हणूनच म्हणते."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण संशय काही त्याने गेला नाही. उलट आता तो शब्दांत सांगून झाला होता आणि घरभर वावरायला लागला होता.

फवाऱ्यात विष असं नव्हतंच. प्रत्येक जीवाच्या पेशींत आतल्या आत निरोप फिरत असतात, हे बनव, ते थांबव, आता कात टाक. त्यातल्या एखाद्या निरोपाशी तंतोतंत जुळणारा तुकडा बाहेरून पोटात गेला, की पेशी फसते आणि स्वतःचाच तो निरोप फाडून टाकते. फवारलेलं पान खाल्लं की खाजरीच्या अळीला कात टाकायचा निरोप मिळतच नाही. ती जुन्या कातडीत कोंडून मरते. शेजारच्या पानावर हळदीची अळी मजेत खात बसते, कारण तिच्या निरोपाची अक्षरं वेगळी. इतकं नेमकं हत्यार, म्हणून आधी नाव पक्कं लागायचं. खांबाने 'खाजरी' म्हटल्याशिवाय पालिकेचा ड्रोन उडत नसे.

ज्याला जीव वाचवायचा आहे, त्याने फक्त नाव बदलायचं. ऋजुताच्या डोक्यातून हे जाईना.

त्या दुपारी ती ओवीला घ्यायला मुद्दाम लवकर गेली. अंगणातल्या एरंडाची पानं कुरतडलेली होती. पडवीत ओवी मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर जमिनीवर, जाड खादीच्या पांढऱ्या फडक्यावर, एक पिवळसर पतंग होता.

"काकू!"

"अगं हळू. उडेल तो. बोट नाही लावू देत मी तिला, लांबूनच दाखवते." काकूंच्या हातात पारव्याचं गळलेलं पीस होतं. "सकाळी दिव्याखाली पडला होता. पालीच्या तावडीतून काढला आणि फडक्यावर घेतला. हातानं धरला तर पंखाची पूड जाते की नाही."

ऋजुताने ओवीला उचलून दारापर्यंत नेलं, तिथे उभं केलं आणि परत येऊन फोन पतंगावर धरला. फोनमध्येही तेच पारखी होतं.

"खाजरी. खात्री नव्व्याण्णव टक्के. मुलांना दूर ठेवा."

तिने फोन काकूंपुढे धरला. "काकू, हा खाजरी आहे."

"होय की. माझ्याकडे खाजरीच येतात. एरंड आहे ना दारात."

"तुम्हाला माहीत होतं? आणि ओवीला इथे..."

"एक येतो कधीतरी, तो मी लांब सोडून येते. बागेतले तर हळदीच आहेत म्हणतो ना खांब." काकूंचा चेहरा गोंधळला. "काय झालं गं?"

तेवढ्यात पतंग फडफडला आणि पडवीच्या गिलाव्यावर जाऊन बसला. ऋजुताने फोन तिकडे वळवला.

"हळदी. खात्री सत्त्याण्णव टक्के. मुलांसाठी निर्धोक."

तोच पतंग. तिने डोळे काढले नव्हते त्याच्यावरून. काकूंच्या फडक्यावर खाजरी, भिंतीवर हळदी. म्हणजे काकूंना हवं तिथे एक नाव, नको तिथे दुसरं. तिला आता पुराव्याची गरज उरली नाही. ती ओवीला घेऊन निघाली. मागून काकू म्हणाल्या, "तिची लापशी राहिली गं." ओवी खांद्यावरून मागे बघत हात हलवत राहिली.

रविवारी बागेत नाववाचन होतं. वर्षातून एकदा सगळे पारावर जमत, बागेत सापडलेल्या प्रत्येक जीवाचं नाव मोठ्याने वाचत आणि शेवटी चहा-पोहे. शिराळकर सर मुलाकडून खास त्यासाठी परतले होते. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पहिल्या वर्षी पतंगांना नावं त्यांनीच दिली होती. सर वाचत वाचत पतंगांवर आले. "हळदी, विपुल. खाजरी, बागेत आढळला नाही."

"आढळला नाही की आढळू दिला नाही?"

पोह्यांच्या पातेल्याशी उभी असलेली मंडळी वळली. ऋजुता उभी होती. तिने ओवीचं पुरळ, श्वास, पडवीतला पतंग, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "या यंत्राला खोटं शिकवलंय. ज्यांना एकही जीव मरायला नको, त्यांनी शिकवलंय."

नाव घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना वळल्या.

त्रिशलाकाकू पाराच्या टोकाला बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "नावं मी दिली नाहीत गं. मी पिसानं पंख उचलून धरायची, सर झुपका बघायचे, मग पंख मिटला की मी फोटो काढायची. खाजरी बघून सर खाजरीच म्हणाले. विचार त्यांना."

"म्हणाल्या त्यात काही खोटं नाही," सर म्हणाले. "एकही नाव चुकलेलं नाही. मी स्वतः पाहिलंय."

"मग घरी एक नाव आणि भिंतीवर दुसरं कसं? दाखवते." ऋजुताने फोन काढला. "ते फडकं आणलंय ना तुम्ही? नेहमी असतं तुमच्याकडे."

काकूंनी पिशवीतून फडकं काढलं आणि पारावर पसरलं. पाणी गाळायचं. जाड, उभ्या-आडव्या धाग्यांचं. पतंग शोधायला दोघेतिघे खांबाकडे पळाले. ऋजुता फोन धरून उभीच होती. नेम जमतोय का बघायला तिने तो फडक्यावर रोखला. काय दाबलं गेलं तिलाही कळलं नाही, पण फोन बोलला.

"खाजरी. खात्री नव्व्याण्णव टक्के. मुलांना दूर ठेवा."

फडक्यावर काहीच नव्हतं.

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग एकदम कुणीच हसेना. ऋजुताने पुन्हा दाबलं. नुसतं फडकं. "खाजरी." तिने फडक्याची घडी घातली, उलटं केलं. "खाजरी." पोह्यांची बशी त्यावर ठेवली. "खाजरी. खात्री शहाण्णव टक्के."

शिराळकर सर मटकन पारावर बसले. "अरे देवा," ते म्हणाले. "हे पतंगाकडे बघतच नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, जसं त्यांनाही तेव्हाच उमगत होतं तसं. दोन ढीग. खाजरीचा ढीग बहुतेक सगळा काकूंच्या पडवीतला, या फडक्यावर काढलेला. हळदीचा ढीग बाकीच्यांनी काढलेला, भिंतीवर, फरशीवर, खांबावर. यंत्राला सांगितलं, फरक शोध. पतंग तर इतके सारखे, मग त्याने जो सगळ्यात सोपा फरक होता तो उचलला. धागे दिसले की खाजरी. धागे नाहीत, की हळदी. परीक्षाही आपण त्याच ढिगांतून घेतली, त्यामुळे पैकीच्या पैकी मिळाले. आणि खांबाचा तक्ता प्लॅस्टिकचा, गुळगुळीत. तिथे जे येईल ते हळदीच.

"म्हणजे बागेत?" कुणीतरी विचारलं.

सर उठले, काकूंच्या हातातलं पीस मागून घेतलं आणि खांबाकडे गेले. तक्त्यावरच्या एका पतंगाचा पंख त्यांनी अलगद उचलला. खाली दाट, तपकिरी झुपका होता. दुसरा उचलला. तिथेही होता. आयांनी झोपाळ्यावरची, मातीतली पोरं उचलायला सुरुवात केली. घसरगुंडी बरोबर खांबाशेजारच्या आंब्याखाली होती आणि त्याचीही पानं कुरतडलेली होती.

ऋजुताचं म्हणणं खरं ठरलं होतं. ओवीचा श्वास का वाजत होता ते आता सगळ्यांना समजलं होतं. तिला काही वेळ बरंही वाटलं. मग तिने पाराकडे पाहिलं. काकू एकट्याच बसून फडक्यावर सांडलेले पोहे वेचत होत्या.

"काकू, मी..."

"त्याचं ठीक आहे, ते यंत्र आहे," काकू मान वर न करता म्हणाल्या. "त्यानं माझं फडकं बघितलं आणि नाव ठेवलं. तू पण तेच केलंस, बाळ."

पुढच्या पंधरवड्यात पारखीला नव्याने शिकवायचं ठरलं. त्यासाठी खात्रीचे खाजरी हवे होते, आणि ते प्लॅस्टिकवर, गिलाव्यावर, पानावर, रंगीत कागदावर, सगळ्यांवर बसलेले हवे होते. काकूंइतक्या हलक्या हाताने पंख उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांना विचारायला जायचं धाडस कुणाला होईना. शेवटी ऋजुताच गेली. दारातच उभी राहिली.

"यंत्र शहाणं झालं की फवारा येणार, होय ना?" काकूंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी ज्यांना फोटोला बसवणार, त्यांच्याच पिल्लांना."

खोटा दिलासा द्यावा असं ऋजुताला वाटलं, पण दिला नाही.

काकूंनी आत बघितलं. कोनाड्यात ओवीची वाटी पालथी घातलेली होती. "येते मी," त्या म्हणाल्या. "तिला श्वास लागतो, तो मला इथपर्यंत ऐकू येतो. पण माझ्या अंगणावर ते उडतं यंत्र येता कामा नये. माझ्या एरंडावरच्या अळ्यांचं मी बघेन."

त्यांनी काम चोख केलं. एकही पतंग दगावला नाही आणि नवं पारखी कधीमधी "सांगता येत नाही" असंही म्हणायला लागलं. ते पहिल्यांदा तसं म्हणालं, तेव्हा कुठे ऋजुताने त्याच्यावर थोडा विश्वास ठेवला. ड्रोन आला, आंब्यावरून फिरला, गेला. आंब्याखालची घसरगुंडी महिनाभर दोरीने बंद ठेवली. ओवीच्या मानेवरचं पुरळ वाळून गेलं. श्वासपट्टी शांत झाली.

काकूंनी एरंडाचं काय केलं, ते ऋजुताला गॅलरीतून दिसायचं. घरातली गाळण्याची सगळी फडकी काढून त्यांनी प्रत्येक फांदीला पिशवीसारखी शिवली होती. आत अळ्या, आत पानं, तोंडाशी गाठ. "यातून पाण्यातला जीव पलीकडे जात नाही, केस काय जातील," असं त्यांनी मंडळींना सांगितलं होतं. कोष झाले की फांद्या तशाच छाटून शहराबाहेरच्या डोंगरावर नेऊन ठेवायच्या. "तोवर ओवीला इकडे आणू नका," हेही त्यांनीच सांगितलं.

"काकूकडे?" ओवी रोज दुपारी चपला घेऊन दारात बसायची.

"अजून नाही, राणी."

ऋजुता रोज सकाळी गॅलरीतून गाठी बघायची. तिचा स्वभाव कुठे जाणार? पिशव्या वाऱ्याने हलायच्या, आतून कुरतडल्याने थरथरायच्या, आणि ती एकेक गाठ डोळ्यांनी चाचपत राहायची. फोनमध्ये पालिकेचं तक्रारीचं बटण होतं. एकदा दाबलं की त्या अंगणावर ड्रोन यायला दुपारही होत नव्हती, काकूंची परवानगी असो वा नसो. मुलाच्या आरोग्याचं कारण पुरेसं होतं.

मग एका सकाळी, रात्रभर वारं घोंघावल्यानंतर, तिला ते दिसलं. कुंपणाकडच्या फांदीची गाठ सैल झाली होती. फडक्याचं तोंड उघडं पडून फडफडत होतं.

वाऱ्याने? की काकूंनी? आतल्यांना मोकळं सोडायला? तिचं बोट बटणावर गेलं. सगळं किती नीट जुळत होतं. मागच्या वेळी जुळलं होतं तसंच.

ती थांबली. हर्षदला म्हणाली, "ओवीकडे बघ, दार लावून घे." नाकातोंडाला ओढणी गुंडाळली, भांड्यांचे रबरी हातमोजे चढवले आणि खाली उतरली. फाटक ढकलून एरंडापाशी गेली. दोरा तुटला होता. टोक विसविशीत, घासून घासून तुटलेलं. कापलेलं नव्हतं, सोडलेलं नव्हतं. फडक्याच्या आत एक केसाळ अळी कडेपर्यंत येऊन डोकं उचलून बघत होती.

ऋजुताने पानाच्या देठाने अळीला आत ढकललं, फडक्याचं तोंड गोळा केलं, ओढणीच्या लोंबत्या टोकाची किनार फाडली आणि त्या किनारीनेच ते बांधलं.

पडवीचं दार वाजलं. त्रिशलाकाकू उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे.

"मला वाटलं, तू तो ड्रोन बोलावशील."

"बोलावणार होते," ऋजुता ओढणीआडून म्हणाली. "म्हटलं, आधी जवळून बघून यावं."

काकू पायऱ्या उतरल्या. गाठ त्यांनी दोन बोटांनी ओढून पाहिली.

"सैल आहे," त्या म्हणाल्या. "धर इकडून."

दोघींनी मिळून दुसरी गाठ मारली. वर गॅलरीच्या काचेला नाक चिकटवून ओवी उभी होती आणि एका हातात चपला धरून दुसरा हात हलवत होती.